खानापूर ते सॅन फ्रान्सिस्को: विमानाचं अंतर, प्रवासाचे तास आणि घरच्या घड्याळाचा हिशोब

मोबाइलवर 'बेळगाव ते सॅन फ्रान्सिस्को विमानाचं अंतर' असं शोधलं की क्षणात उत्तर येतं: सुमारे १३,८०० कि.मी., सोळा-सतरा तास. आकडा खोटा नाही. फक्त असं विमानच नाही. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, परदेशी उड्डाण होत नाही. अंतर सांगणाऱ्या साइटला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. तिला दोन बिंदू दिले की ती त्यांच्यातली रेघ मोजून देते.

आपल्या भागात आता घराघरातून कुणी ना कुणी बाहेर आहे. पोरगी कॅलिफोर्नियात, भाचा दुबईत, पुतण्या टोरंटोला. आई-वडील पहिल्यांदा निघतात तेव्हा तिकीट पोरं काढून देतात, पण घरातून कधी निघायचं, कुठल्या विमानतळावर जायचं, मध्ये किती वेळ बसायचं हे इथल्या माणसालाच ठरवावं लागतं. त्यासाठी हा लेख. अंतर कसं मोजतात, त्यावरून उड्डाणाचे तास कसे काढायचे आणि त्या तासांवरून घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा खरा वेळ कसा काढायचा, हे क्रमाने बघू. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: पूर्ण हिशोब एकाच घड्याळात करायचा, आणि ते घड्याळ घरचं. तिकिटावरच्या वेळा चार देशांच्या चार घड्याळांतल्या असतात, म्हणूनच माणूस गोंधळतो.

उदाहरण एकच घेऊ. बेळगावजवळच्या खानापूरचे काका-काकू जानेवारीत मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला निघालेत.

आधी अंतर: नकाशावरची सरळ रेघ विसरा

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा बघून वाटतं की अमेरिकेला जाणारं विमान अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं पश्चिमेकडे सरळ जात असेल. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता सपाट कागदावर वाकडा दिसतो, आणि लांबच्या प्रवासात तो उत्तरेकडे चांगलाच झुकतो. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोरा घ्या. एक टोक बेंगळूरवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ताणा. दोरा चीन, सायबेरिया करत वर चढेल आणि अलास्काच्या बाजूने खाली उतरेल. सर्वांत उत्तरेला तो साधारण ७१ अक्षांशापर्यंत जातो. विमानाचं 'अंतर' म्हणून जो आकडा सांगतात तो या दोऱ्याची लांबी असते.

गणिताची आवड असेल तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही ते निघतं. आवड नसेल तर पुढच्या भागात गेलात तरी चालेल.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मोबाइलमधल्या नकाशावर त्या जागी बोट दाबून धरलं की मिळतात. बेंगळूरचा केंपेगौडा विमानतळ: १३.२ उत्तर, ७७.७ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को: ३७.६ उत्तर, १२२.४ पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: २००.१. हा आकडा १८० च्या वर गेला, म्हणजे उलट्या बाजूने जवळ आहे. ३६० मधून वजा केला की १५९.९ उरतात.

आता सूत्र असं:

कोनाचा कोसाइन = (पहिल्या अक्षांशाचा साइन × दुसऱ्या अक्षांशाचा साइन) + (पहिल्याचा कोसाइन × दुसऱ्याचा कोसाइन × रेखांशातल्या फरकाचा कोसाइन)

आकडे घातले की पहिला कंस ०.२२८ × ०.६१० म्हणजे ०.१३९. दुसरा ०.९७४ × ०.७९२ × (−०.९३९) म्हणजे −०.७२४. बेरीज −०.५८५. याचा उलटा कोसाइन १२५.८ अंश. पृथ्वीच्या गोलावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ कि.मी., म्हणून १२५.८ ला १११.२ ने गुणा: १३,९९० कि.मी.च्या आसपास. एअर इंडियाने जानेवारी २०२१ मध्ये बेंगळूर-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली तेव्हा दोन शहरांतलं हवाई अंतर १३,९९३ कि.मी. असं जाहीर झालं होतं. आपलं घरगुती गणित तीन-चार किलोमीटरच चुकलं. पृथ्वी ध्रुवांजवळ थोडी चपटी आहे, त्यामुळे या सूत्राचं उत्तर अर्ध्या टक्क्यापर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. आपल्या कामाला तेवढी चूक चालते. कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेला असू द्या, रेडियनवर असेल तर भलतंच काहीतरी येईल.

इंग्रजी साइटवर मैल दिसले तर ते कुठले हे बघा. साधा मैल १.६०९ कि.मी.चा, नॉटिकल मैल १.८५२ कि.मी.चा. वैमानिकांचा सगळा व्यवहार नॉटिकल मैलांत चालतो. आपलं १३,९९० कि.मी. एका हिशोबाने ८,७०० मैल होतं आणि दुसऱ्याने ७,५५०. दोन साइटवर दोन आकडे दिसले की बहुतेक वेळा कारण हेच असतं.

शोधताना गावाच्या नावापेक्षा विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. बेळगाव आयएक्सजी, बेंगळूर बीएलआर, सॅन फ्रान्सिस्को एसएफओ. नावाने शोधलं तर काही जुन्या याद्यांत आपलं गाव 'बेळगाव' म्हणून सापडतं, नव्या याद्यांत 'बेळगावी' म्हणून. गोव्याला दोन विमानतळ: दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. मुंबईचंही आता तसंच झालंय. जुना बीओएम, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा एनएमआय. हे दोन कोड तिकिटावर नीट वाचा. एक उलव्याला आहे, दुसरा सहार-सांताक्रूझला. मध्ये मुंबईची ट्रॅफिक आहे.

तासांचा ढोबळ नियम

मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी ९०० कि.मी.च्या आसपास उडतं. चढायला, उतरायला, धावपट्टीपर्यंत सरकत जायला वेळ लागतो. म्हणून मी हिशोब असा करतो: अंतराला ८५० ने भागा, त्यात अर्धा तास मिळवा.

बेंगळूर-सॅन फ्रान्सिस्को: १३,९९० भागिले ८५० म्हणजे साडेसोळा, अधिक अर्धा, सतरा तास. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० कि.मी., म्हणजे नऊ तास. मुंबई-दुबई १,९३० कि.मी., पावणेतीन तास. वेळापत्रकात याच्या आसपासचे आकडे दिसतील, बरेचदा थोडे जास्त. कारण वेळापत्रकातला वेळ गेट सोडल्यापासून गेट गाठेपर्यंतचा असतो आणि कंपन्या त्यात थोडी ढील ठेवतात. विमान 'वीस मिनिटं आधी' पोचलं म्हणून टाळ्या पडतात ना, ती ढीलच असते.

आपल्या इथल्या लहान विमानाला हा नियम लावू नका. दोन पंख्यांचं एटीआर ताशी ५०० कि.मी.च्या आसपास जातं. सांबरा ते बेंगळूर हवाई अंतर साधारण ४४५ कि.मी. त्याला ५०० ने भागून अर्धा तास मिळवला की एक तास पंचवीस मिनिटं होतात. जेट असेल तर काही मिनिटं कमी. एवढ्या छोट्या टप्प्यात विमानाच्या वेगापेक्षा चढण्या-उतरण्याचा वेळच मोठा, त्यामुळे फार फरक पडत नाही.

वारा

जाताना सोळा तास आणि येताना साडेसतरा, किंवा उलट, असं तिकिटावर दिसलं की लोकांना छपाईची चूक वाटते. कारण वारा. तीस ते साठ अक्षांशांच्या पट्ट्यात, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी शंभर-दोनशे कि.मी. हा त्याचा नेहमीचा वेग, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर.

फरक किती पडतो बघा. ९,००० कि.मी.चा प्रवास, विमानाचा वेग ९००. ताशी १०० चा वारा पाठीशी असेल तर नऊ तास. तोच वारा समोरून आला तर सव्वाअकरा. अंतर तेच, सव्वादोन तासांचा फरक. म्हणून वैमानिक दोऱ्याची रेघ धरून बसत नाहीत, वारा बघून रोज मार्ग बदलतात. कधी शे-दोनशे कि.मी. जास्त जाऊन अर्धा तास वाचवतात.

वाऱ्याइतकाच राजकारणाचा परिणाम होतो. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाने युरोपीय देशांच्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी तेच केलं. त्यामुळे दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे निघणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. बेंगळूर किंवा मुंबईहून दुबईला जाणाऱ्याला हा वळसा जवळजवळ जाणवत नाही, कारण त्याचा रस्ता मुळातच समुद्रावरून आहे. दिल्लीमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर ही गोष्ट ध्यानात ठेवा.

नक्की किती वेळ लागतोय हे बघायचं असेल तर फ्लाइटरडार२४ या साइटवर विमानाचा नंबर टाका. गेल्या काही दिवसांत ते विमान कधी उडालं, कधी उतरलं, हे दिसतं. मी वेळापत्रकापेक्षा यावर जास्त विश्वास ठेवतो. मागचे सहा-सात दिवस बघितले की त्या विमानाची सवय कळते.

मध्ये उतरायचं असेल तर

थेट विमान परवडतंच असं नाही आणि ते नेहमी असतंच असंही नाही. मार्ग येतात, बंद होतात. तारीख टाकून खात्री करून घ्या. बहुतेक लोक मध्ये एकदा उतरून जातात. त्यासाठी दोन्ही तुकड्यांचं अंतर वेगवेगळं काढून बेरीज करायची.

बेंगळूरहून दुबईमार्गे: २,७०० अधिक १३,०२०, म्हणजे सुमारे १५,७०० कि.मी. फ्रँकफर्टमार्गे: ७,४०० अधिक ९,१५०, म्हणजे १६,५५०. सिंगापूरमार्गे: ३,२०० अधिक १३,६००, म्हणजे १६,८००.

एक पश्चिमेला, एक वायव्येला, एक आग्नेयेला. नकाशावर बघितलं तर सिंगापूर म्हणजे उलट दिशेला जाणं वाटतं. तरी तिन्ही मार्ग एकमेकांपासून हजार-अकराशे कि.मी.च्या आतच. थेट मार्गापेक्षा ते सतराशे ते अठ्ठावीसशे कि.मी. जास्त आहेत, म्हणजे आकाशात दोन ते सव्वातीन तास. याउलट मधल्या विमानतळावरचा मुक्काम दोन तासांचा असू शकतो किंवा अकरा तासांचा. तेव्हा मार्ग निवडताना अंतर बघू नका, मुक्काम बघा. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को तर पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. त्यांच्यातली सगळ्यात जवळची रेघ ८८ अक्षांशापर्यंत, म्हणजे उत्तर ध्रुवाला जवळजवळ चाटून जाते. काकूंनी खिडकीची सीट मागितली तर मागू द्या.

मुक्काम किती असावा? एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर दोन-तीन तास बरे. पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं, आणि बॅगा थेट शेवटच्या गावाला जातात. दोन वेगळी तिकिटं असतील तर चित्र पालटतं. बॅगा घ्या, बाहेर या, पुन्हा चेक-इन करा, आणि पुढचं विमान चुकलं तर पैसे गेले. परदेशात बाहेर यायला त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. वयस्कर माणसांसाठी वेगळी तिकिटं काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, चार-पाच हजार वाचले तरी.

हेच सांबरा-बेंगळूर टप्प्याला लागू होतं. तो टप्पा वेगळ्या तिकिटावर काढला तर देशांतर्गत नियमाने साधारण १५ किलोची एक बॅग नेता येते. अमेरिकेच्या तिकिटावर मात्र २३-२३ किलोच्या दोन बॅगा भरलेल्या. कुंदा, मेतकूट, पापड, वर्षभराची चटणी. जादा वजनाचे पैसे सांबऱ्यालाच द्यावे लागतात. बेंगळूरला उतरल्यावर टर्मिनलही तपासा. सप्टेंबर २०२३ पासून तिथली आंतरराष्ट्रीय उड्डाणं टी-२ मधून होतात. तुमचं छोटं विमान टी-१ ला उतरलं तर बॅगा घेऊन तिकडे जायचा वेळ धरा. असं जोडायचं असेल तर दोन विमानांमध्ये पाच-सहा तास ठेवा. पावसाळ्यात सकाळच्या धुक्या-ढगांत सांबऱ्याचं विमान कधी उशिरा निघतं, कधी रद्दच होतं.

कुठल्या विमानतळावरून निघायचं

याचं उत्तर तालुक्यागणिक बदलतं.

निपाणी, चिकोडीकडच्या माणसाला उत्तर सोयीचं. हायवे दारातून जातो. कोल्हापूर, सातारा, पुणे करत मुंबई. बेळगावहून मुंबई पाचशे कि.मी.च्या आसपास आणि दहा तास धरतात, निपाणीहून त्यातला सव्वा-दीड तास कमी. नवी मुंबईचा विमानतळ तर पुण्याकडून येणाऱ्याला मुंबईच्या गर्दीत शिरायच्या आधीच लागतो. तुमचं विमान तिथून असेल तर तास-दोन तास वाचतात. अथणी, उगारच्या लोकांना मिरजेची रेल्वे आहे.

बेळगाव शहरातल्या माणसाला सगळंच जवळजवळ सारखं लांब. बेंगळूरही रस्त्याने पाचशे कि.मी.च्या आसपास. रात्रीची राणी चन्नम्मा रेल्वे आहे, स्लीपर बस आहेत. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारतही सुरू झाली. पहाटे निघून दुपारी पोचते, सुमारे साडेआठ तास. पण ती मॅजेस्टिकजवळच्या मोठ्या स्टेशनला पोचवते आणि विमानतळ तिथून पस्तीस कि.मी.च्या आसपास लांब, देवनहळ्ळीकडे. दोन तास धरा. मॅजेस्टिकहून वायुवज्र बस मिळते. बसने गेलात तर मॅजेस्टिकपर्यंत जायची गरजच नाही. तुमकूर रोडने शहरात शिरताना गोरगुंटेपाळ्याला उतरा आणि हेब्बाळच्या रस्त्याने टॅक्सी करा. सकाळच्या गर्दीत यात बराच वेळ वाचतो. स्वतःची गाडी असेल तर शहरात शिरायचंच नाही.

खानापूरकरांना गोवा जवळ. दाबोळीला अनमोड घाटातून, मोपाला चोर्ला घाटातून. अंतर जेमतेम सव्वाशे कि.मी.च्या घरात, तीन-साडेतीन तास. पावसाळ्यात मात्र घाटांचा भरवसा धरू नका. दरड कोसळली, ट्रक अडकला, की तासन् तास तिथंच. जून ते सप्टेंबरात गोव्याहून विमान असेल तर घाटासाठी तीन तास जादा धरा, किंवा आदल्या दिवशी जाऊन पाहुण्यांकडे राहा. गोव्याहून परदेशी थेट उड्डाणं मोजकीच, हंगामानुसार बदलणारी. बरेचदा गोवा-मुंबई किंवा गोवा-दिल्ली असा एक तुकडा जोडावाच लागतो. हुबळी शंभर कि.मी.वर आहे. बेळगावचं विमान रद्द झालं तर हुबळी आणि कोल्हापूर दोन्हीकडची विमानं बघायला विसरू नका.

आता घड्याळ

इथं सावकाश वाचा.

भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, बारा महिने. दुबई चार तास पुढे, बारा महिने, म्हणजे आपल्यापेक्षा दीड तास मागे. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क आणि टोरंटो हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा.

हा उन्हाळा-हिवाळ्याचा खेळ तारखेवर चालतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. लंडन आणि युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिका बदललेली असते आणि युरोप नाही. त्या दिवसांत युरोपमार्गे जाणाऱ्यांनी तोंडी हिशोब करूच नये.

काका-काकूंचं तिकीट असं समजा. वेळा मी उदाहरणासाठी घेतल्यात:

बेंगळूर मंगळवार ०४:१५ ला सुटतं, दुबई मंगळवार ०७:०० ला पोचतं. दुबई मंगळवार ०९:०० ला सुटतं, सॅन फ्रान्सिस्को मंगळवार १३:०० ला पोचतं.

कागदावर सगळं मंगळवारीच. पहाटे सव्वाचारला निघून दुपारी एकला अमेरिकेत! पावणेनऊ तासांत. शेजारच्यांना सांगायला छान. आता प्रत्येक वेळ भारतीय घड्याळात लिहा.

बेंगळूरहून निघाले: ०४:१५. दुबईत ०७:००, त्यात दीड तास मिळवा, ०८:३०. म्हणजे पहिलं उड्डाण सव्वाचार तास. दुबईहून ०९:००, अधिक दीड, १०:३०. मुक्काम दोन तास. सॅन फ्रान्सिस्को १३:००, अधिक साडेतेरा, मंगळवारचे २६:३०, म्हणजे बुधवार पहाटे ०२:३०. दुसरं उड्डाण सोळा तास.

एकूण सव्वाबावीस तास. आकाशातले त्यातले सव्वावीस. आधीच्या ढोबळ नियमाशी पडताळा: १३,०२० भागिले ८५०, अधिक अर्धा, पावणेसोळाच्या थोडं वर. जुळलं. जुळलं नसतं तर वेळेच्या फरकात कुठेतरी चूक झाली असं समजायचं. ढोबळ नियमाचा खरा उपयोग हाच आहे, वजाबाकी तपासायला.

घर ते विमानतळ अजून राहिलंच. पहाटे सव्वाचारच्या विमानासाठी सोमवारी रात्रीच विमानतळावर असायला हवं. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी, म्हणजे सव्वाएक. वयाची माणसं, पहिला प्रवास, चार बॅगा, व्हीलचेअर मागितलेली, तर रात्री अकरा धरा. खानापूरहून गाडीने दहा तास, जेवणखाण धरून. म्हणजे सोमवारी दुपारी एक वाजता घर सोडायचं. 'मंगळवारचं विमान' म्हणत बसलेला माणूस सोमवारी दुपारी अजून बॅगेचं वजन करत असतो. मध्यरात्रीनंतरच्या विमानांनी आपल्याकडच्या कितीतरी लोकांना असं फसवलंय, आणि आखात-युरोपची विमानं नेमकी मध्यरात्र ते पहाट या वेळातच बरीच असतात. तिकिटावर ०० ते ०५ यांतला तास दिसला की तारखेखाली पेनने आदल्या दिवसाचा वार लिहून ठेवा.

तिकडचंही धरू. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा, कस्टम्स, मग मुलीच्या गाडीतून घर. तीन तास. सॅन फ्रान्सिस्कोत दुपारचे चार, आपल्याकडे बुधवारची पहाट, साडेपाच.

सोमवार दुपार एक ते बुधवार पहाटे साडेपाच: साडेचाळीस तास. आकाशात सव्वावीस. म्हणजे निम्मा वेळ जमिनीवर. थेट विमान घेतलं असतं तर या साडेचाळीसमधले पाचेक तास वाचले असते. त्या पाच तासांसाठी तिकिटाला किती जादा मोजायचे हे ज्याच्या त्याच्या खिशावर आणि गुडघ्यांवर.

काकांची औषधं रोजच्या वेळची असतील तर हाच कागद डॉक्टरांना दाखवा. दोन दिवसांचे तास भारतीय घड्याळात मांडलेले असले की कुठली गोळी विमानात, कुठली दुबईत हे त्यांना पाच मिनिटांत सांगता येतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय निघूच नये. एक साधं मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या. मोबाइल आपोआप बदलतो, ते घड्याळ बदलत नाही.

परतीचा हिशोब वेगळा करा

येताना दिवस पुढे उडी मारतो. सॅन फ्रान्सिस्कोहून मंगळवारी १६:०० ला निघालं की भारतात बुधवार पहाटेचे साडेपाच झालेले असतात. बावीस तास मिळवले की गुरुवार पहाटे ०३:३० ला बेंगळूर. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे छोटासा '+२' असतो, तो हाच. मंगळवारी निघालेला माणूस बुधवार जवळजवळ पूर्ण विमानातच काढतो.

आणि परतीला तिकडून निघण्याच्या घाईपेक्षा इकडे उतरल्यावरची सोय महत्त्वाची. साडेतीनला उतरून बाहेर यायला साडेचार-पाच. बेळगावकडे जाणारी वंदे भारत दुपारची आहे, राणी चन्नम्मा रात्रीची. त्या दोन्ही सोडून सकाळचं विमान घ्यायचं असेल तर आधी सांगितलेले पाच-सहा तास आणि १५ किलोचा नियम पुन्हा आलाच. घरची गाडी न्यायला येणार असेल तर ती बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत खानापूरहून निघाली पाहिजे. गाडीवाल्याला नुसतं 'गुरुवारी पहाटे' म्हणू नका. तो गुरुवारी पहाटे खानापुरातून निघेल. 'बुधवारी संध्याकाळी सहाला इथून सुटायचं' असं वार, तारीख आणि निघायची वेळ घालून सांगा, आणि विमानाचा नंबर त्याच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. विमान दोन तास उशिरा असलं तर त्याला धारवाडच्या ढाब्यावर थांबून जेवता येतं.